गर्भजलपरीक्षा : एका सुईचा इतिहास

मूल आईच्या पोटात असतानाच त्याच्या शरीरात अमुक एक द्रव्य तयार होणार की नाही, हे सांगता येणे ही गोष्ट मानवजातीच्या इतिहासात १९६८ च्या सुमारास प्रथम घडली. चंद्रावर माणूस उतरला त्याच्या एकच वर्ष आधी. चंद्राची गोष्ट आपल्या दिग्रसच्या बाजारातल्या प्रत्येक हमालास ठाऊक आहे. ही दुसरी गोष्ट मात्र शिकल्यासवरलेल्यांनाही फारशी माहीत नसते. वास्तविक चंद्रापेक्षा ती आपल्या घराच्या कितीतरी जवळची आहे. ज्या घरात एकामागून एक दोन मुले दोन-तीन वर्षांची होऊन झिजत गेली, त्या घरातल्या सुनेला आपल्या भागात काय काय ऐकून घ्यावे लागते ते मी सांगावयास नको. तिच्या पायगुणापासून बाहेरच्या बाधेपर्यंत सर्व कारणे शोधली जातात. खरे कारण तिच्यात आणि तिच्या नवऱ्यात सारखेच वाटलेले असते, हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आयुष्य घालविलेल्या माणसाने या विषयावर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा इतिहास मी जो जो वाचीत गेलो तो तो त्यात डॉक्टरांच्या बरोबरीने कैदी, मळ्यातले मजूर, कारखान्यातले कामगार आणि त्यांच्या बायकाच मला भेटत गेल्या. ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभे राहिले त्यांच्या बाजूने ते एकदा सांगितले गेले पाहिजे.

प्रथम विकर म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत ज्याला एन्झाइम म्हणतात ते हे. आपल्या जिनात कापूस येतो, रेच्यावर सरकी वेगळी होते, रुई पुढे प्रेसला जाते आणि गठाण बांधली जाते. आता रेचा बंद पडला असे समजा. मागे कापसाचा ढीग साचत जातो, वाट अडते, एखादे वेळी आगही लागते. आणि पुढे प्रेस रिकामा बसतो. शरीरात अन्नाचे जे हजारो फेरफार होतात, त्यांतल्या प्रत्येक पायरीवर असा एकेक रेचा बसविलेला आहे. तोच विकर. तो जन्मतः नसला तर दोन प्रकारची हानी होते : मागचे द्रव्य साचून विष होते, किंवा पुढचे द्रव्य मिळतच नाही. कोणत्या पायरीवरचा रेचा बंद आहे, यावर आजाराचे रूप ठरते.

हे प्रथम ओळखले लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरांनी. काही मुलांची लघवी हवेत राहिली की काळी पडते. लंगोट काळे होतात. आजार तसा सौम्य. पण गॅरॉड यांनी १९०२ साली दाखवून दिले की, अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांची चुलत-मावस भावंडे असतात. हा जंतूंचा रोग नव्हे, ही घडणीतली उणीव आहे आणि ती वारशाने येते, असे त्यांनी मांडले. १९०८ च्या व्याख्यानांत त्यांनी अशा चार उणिवांचे वर्णन केले. हीही एक व्याख्यानमालाच होती, हे मला उगाच सांगावेसे वाटते. त्यावेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. लघवी काळी करणाऱ्या त्या उणिवेत यकृतातले नेमके कोणते विकर नसते, हे प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला १९५८ साल उजाडले. तोपर्यंत गॅरॉड वारून बावीस वर्षे झाली होती.

वारशाचे गणित सोपे आहे. बहुतेक विकरांचा आराखडा आपणांस दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम चालते. असा माणूस वाहक असतो आणि त्याला जन्मभर काही कळत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले म्हणजे प्रत्येक गरोदरपणी चारांत एक अशी शक्यता असते की मुलाला दोन्ही खराब प्रती मिळतील. येथे एक गैरसमज फार आहे. एक मूल गेले, आता पुढची तीन चांगली निघतील, असे लोक समजतात. तसे नाही. सोडत दर वेळी नव्याने निघते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची चाल आणि जातीतल्या जातीत, तेही चार गावांच्या टापूत, सोयरीक जुळविण्याची रीत, यांमुळे एकाच पूर्वजाची खराब प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो.

१९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन वर्षानुवर्षे डॉक्टरांचे उंबरे झिजवीत होती. मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो, तो का, एवढाच तिचा प्रश्न. शेवटी आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी त्या मुलांच्या लघवीत लोहाचा क्षार टाकला आणि ती हिरवी झाली. एका विकराच्या अभावी साचणारे द्रव्य त्यांच्या हाती लागले. पुढे १९५० नंतरच्या दशकात या रोगावर पथ्याचा आहार निघाला, आणि जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घेऊन रोग ओळखण्याची रॉबर्ट गथ्री यांची युक्ती १९६० नंतर जगभर पसरली. हा सारा इतिहास डॉक्टरांच्या नावाने लिहिला जातो. त्या आईने हट्ट सोडला असता तर तो निदान त्या वर्षी घडला नसता.

आता कैद्यांकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हिवतापावर औषध हवे होते. इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना हिवताप देऊन त्यांच्यावर औषधांचे प्रयोग सुरू झाले आणि ते युद्धानंतरही चालू राहिले. त्यांना स्वयंसेवक म्हणत. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा किती खरी असते, हे ज्याने संपात चार दिवस कोठडी पाहिली आहे त्याला विचारावे. प्रायमाक्वीन हे औषध दिल्यावर काही काळ्या कैद्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या आणि लघवी गडद झाली. १९५६ साली कारण सापडले : त्यांच्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर कमी होते. तेच प्रायमाक्वीन आज आपल्या खेड्यापाड्यांत हिवतापाच्या रोग्याला चौदा दिवस दिले जाते. आणि तीच उणीव मुंबईच्या पारशी समाजात आहे हे डॉ. संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली नोंदविले.

मुंबईचे नाव तर या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात एक नवा रक्तगट प्रसिद्ध केला. वरवर तपासता तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला 'ओ' रक्त दिले तर जिवावर बेतते. जगाने त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप हेच नाव दिले. पुढे कळले की हाही एका विकराचा अभावच आहे. गंमत अशी की या माणसांना कसलाच आजार नसतो. रक्त घ्यावयाची वेळ आली तरच पंचाईत. म्हणजे उणीव म्हटली की रोग, असे समीकरण नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो कामास येईल.

त्याच १९५२ साली आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत सिकलसेलचा रोग नोंदला गेला, आणि लेहमन व कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत तो दाखविला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातला, नागपूरकडचा, सिकलसेल लॅन्सेटमध्ये मांडला. हा आपला विदर्भाचा रोग. काटेकोर बोलायचे तर येथे विकर बिघडत नाही, रक्तातले तांबडे प्रथिन बिघडते. पण वारशाचे गणित तेच, आणि गर्भात तो ओळखण्याची सुईही तीच.

त्या सुईकडे आता वळतो. गर्भाभोवतीच्या पाण्यात सुई घालून थोडे पाणी काढणे ही क्रिया जुनी होती. मँचेस्टरचे डग्लस बेव्हिस यांनी १९५० च्या आसपास त्या पाण्याच्या रंगावरून गर्भाच्या रक्ताचा नाश किती झाला हे ठरविण्यास आरंभ केला. १९५६ साली कोपनहेगनच्या फुक्स आणि रिस यांनी पाण्यातल्या पेशी पाहून मूल मुलगा की मुलगी हे ओळखून दाखविले. हेतू वाईट नव्हता. रक्त न गोठण्याचा रोग आईकडून मुलग्यांत उतरतो. १९६० साली त्यांनी अशाच आईसाठी ही परीक्षा वापरली. परंतु या सुईने काढलेल्या गर्भाच्या पेशींनी सांगितलेली पहिली बातमी लिंगाची होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. जणू पुढच्या साऱ्या अनर्थाचे बी पहिल्याच दिवशी पडले होते.

१९६६ साली स्टील आणि ब्रेग यांनी पाण्यातल्या पेशी काचेत वाढवून त्यांची गुणसूत्रे पाहिली. पेशी वाढविता येऊ लागल्या की त्यांतले विकरही मोजता येऊ लागले. १९६८ साली शिकागोच्या हेन्री नॅडलर यांनी गॅलॅक्टोसीमिया, म्हणजे दुधातली साखर न पचविता येणारा रोग, गर्भावस्थेत ओळखला. १९७० साली टे-सॅक्स रोगाची पाळी आली. या रोगाचे मूल सहा महिने हसते-खेळते, मग मान धरीनासे होते, दृष्टी जाते आणि चार-पाच वर्षांत संपते. औषध नाही.

यानंतर जे घडले ते आम्हा संघटनेच्या माणसांनी अभ्यासण्यासारखे आहे. टे-सॅक्स पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत अधिक. वाहकाच्या रक्तात विकर निम्मे असते, म्हणून साध्या रक्ततपासणीने वाहक कळतो. १९७१ साली मायकेल कबाक यांनी बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागात प्रार्थनामंदिरांतून सभा घेतल्या, आधी लोकांना समजावून सांगितले आणि मग ज्याला वाटेल त्याचे रक्त तपासले. कोणावर सक्ती नव्हती. अहवाल ज्याचा त्याच्या हाती. काही दशकांत अमेरिकेतल्या ज्यू कुटुंबांतला हा रोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. याच देशात ड्यूपाँ नावाची रसायन कंपनी आपल्या काळ्या कामगारांची सिकल वाहकता तपासते, हे १९८० साली न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणले. कंपनी म्हणाली, हे कामगारांच्याच माहितीसाठी. पण तपासणी मालकाच्या दवाखान्यात आणि कागद मालकाच्या कपाटात! हॉल्डेनसारखा आमच्या बाजूचा शास्त्रज्ञ, जो पुढे भारताचा नागरिक होऊन भुवनेश्वरास वारला, त्यानेही १९३८ च्या आपल्या पुस्तकात सुचविले होते की, कुंभारकामाच्या कारखान्यांत छातीचा विकार होण्याची ज्यांची जन्मजात प्रवृत्ती असेल त्यांना त्या कामावर घेऊच नये. हेतू चांगला, पण धूळ कमी करण्यापेक्षा माणूस कमी करणे मालकाला स्वस्त पडते, हे कारखान्यात न राबलेल्या विद्वानाला सुचत नाही. वंशवारशावरून नोकरी नाकारण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आली ती २००८ साली.

आता या कथेचा काळा भाग. १९७५ साली चीनमधल्या आनशान पोलाद कारखान्याच्या इस्पितळात, म्हणजे कामगारांच्याच इस्पितळात, सुरुवातीच्या महिन्यांत वारेचे कोवळे तंतू काढून शंभर गर्भांचे लिंग पाहिले गेले. त्यांपैकी तीस गर्भ पाडण्यात आले. एकोणतीस मुलींचे होते. आपल्याकडे त्याच सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजलाच्या परीक्षेचे प्रयोग झाले. दोष शोधण्यासाठी आरंभलेल्या या परीक्षेत बायका दुसरेच विचारू लागल्या. १९७८ साली सरकारने सरकारी इस्पितळांत लिंगनिदानास बंदी केली. बंदी सरकारी दाराला होती. धंदा खाजगी दाराने गेला. आज पाचशे खर्च करा आणि उद्याचे हुंड्याचे लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या. महाराष्ट्र सरकारसाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ साली मुंबईत केलेल्या पाहणीत पन्नासपैकी बेचाळीस स्त्रीरोगतज्ज्ञ लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. शास्त्रज्ञांनी ज्या उणिवेसाठी सुई हाती घेतली ती राहिली बाजूला. आमच्या समाजाने एकच उणीव शोधली : मुलगी असणे.

याविरुद्ध मुंबईत स्त्रिया, डॉक्टर, वकील आणि कार्यकर्ते यांनी जी चळवळ उभारली तिचे श्रेय मोठे आहे. देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १ जानेवारी १९९६ पासून. तो नीट पाळला जावा म्हणून सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि २००३ साली कायदा कडक झाला. तरी हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालील मुलींची महाराष्ट्रातली संख्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ अशी उतरत गेली. बीड जिल्ह्यात ती ८०७ वर आली. सोनोग्राफीच्या यंत्राने सुईची गरजच उरू दिली नव्हती.

त्या कायद्यात परीक्षा कशासाठी करता येईल याची यादी आहे. गुणसूत्रांतील दोष, वारशाने येणारे चयापचयाचे रोग, रक्तातील तांबड्या प्रथिनाचे रोग, लिंगाशी निगडित वंशरोग, जन्मजात व्यंगे. म्हणजे विकराच्या उणिवेसाठी दार उघडे ठेवले आहे. मग आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून त्या दारापर्यंत किती बाया पोचतात?

अडचण कोठे आहे ते सांगतो, कारण पैशाखेरीजची अडचण लोकांना दिसत नाही. गर्भाच्या पेशींत विकरे शेकडो. कोणते मोजावयाचे हे आधी ठाऊक पाहिजे. ते कळते फक्त आधीच्या आजारी मुलाच्या तपासणीतून. पहिले मूल निदानाशिवाय गेले, तर दुसऱ्यासाठी सुई असूनही बहुधा आंधळी ठरते. आमच्या एका हमाल सोबत्याची दोन मुले अशीच गेली. कागदावर एकाचे कारण ताप, दुसऱ्याचे अशक्तपणा. तिसऱ्या खेपेस त्याची बायको तालुक्यातल्या एका डॉक्टरांकडे विचारावयास गेली, तेव्हा 'गर्भजल' हा शब्द ऐकताच तिथल्या माणसाने तिला दाराबाहेर काढले. त्याला वाटले ही मुलगी की मुलगा ते पाहावयास आली आहे. लिंगनिदानाच्या पापाची शिक्षा अशी भलत्यालाच होते. ते तिसरे मूल चांगले निघाले, शाळेत जाते. पण ती सोडत होती, वैद्यक नव्हते.

दुसरी अडचण दवाखान्याची. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचाराचा हक्क दिला. पण हंगामी कारखाने त्यातून वगळले, आणि त्या व्याख्येत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नाव घेऊन घातले होते. मुंबईच्या गिरणीत सूत कातणारा विम्यात बसला. त्याच सुताचा कापूस दिग्रसला पिंजणारा बाहेर राहिला. या वगळण्याविरुद्ध आम्ही किती निवेदने दिली त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

तिसरी वेळेची. गर्भजल काढावयाचे साधारण सोळाव्या आठवड्यात. पेशी वाढून विकर मोजेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे. आणि १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे. म्हणजे मुंबईहून अहवाल येईपर्यंत मुदत संपत आलेली. २००८ साली चोविसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाचा दोष कळलेल्या एका दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा वृत्तपत्रांतून यावर बराच वाद झाला. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाच्या संमतीने ही मर्यादा उठविली. वारेचे तंतू अकराव्या ते तेराव्या आठवड्यात काढले तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो; पण त्यासाठी तिसऱ्या महिन्याच्या आत बाई दारात आली पाहिजे, आणि आमच्याकडे हंगामात मजुरी बुडवून तिसऱ्या महिन्यात कोण येते?

एक प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. असे गर्भ पाडणे म्हणजे अपंगांना जगू नये असे म्हणणे नव्हे काय? प्रश्न खोटा नाही. बॉम्बे रक्तगटासाठी किंवा प्रायमाक्वीन न सोसणाऱ्या रक्तासाठी कोणी गर्भ पाडू लागला तर तो वेडेपणा होईल. टे-सॅक्सची गोष्ट वेगळी. या दोहोंच्या मध्ये कितीतरी रोग आहेत. गॉशेच्या रोगात नसलेले विकर १९९१ पासून बाहेरून टोचता येते. पण खर्च असा की जन्मभर तो कोणत्याही मजुराच्या, किंबहुना कोणत्याही प्राध्यापकाच्या आवाक्यातला नाही. २०२१ च्या दुर्मिळ रोगांच्या राष्ट्रीय धोरणाखाली ठराविक केंद्रांत, ज्यांत मुंबईचे के. ई. एम. आहे, रोग्यामागे पन्नास लाखांपर्यंत मदत देण्याची तरतूद पुढे झाली. पन्नास लाख संपल्यावर काय, हे धोरणात नाही. जोपर्यंत औषध श्रीमंताला आणि गर्भपात गरिबाला अशी वाटणी आहे, तोपर्यंत बाईच्या निवडीला मोकळी निवड म्हणावयास माझी जीभ धजत नाही. तरीही निवड तिचीच असली पाहिजे. सरकारची नाही, सासरची नाही, माझ्यासारख्या व्याख्यात्याचीही नाही.

विदर्भापुरते म्हणावयाचे तर अलीकडे थोडी हालचाल आहे. तांबड्या प्रथिनाच्या रोगांचे संशोधन आणि नियंत्रण यांसाठी चंद्रपूरचे केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण झाले. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करून कार्डे द्यावयाचे ठरले. आमच्या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध आणि बौद्ध वस्त्यांतून ही कार्डे येऊ लागली, तेव्हा काही घरांनी ती पेटीच्या तळाशी दडविली. मुलीचे कार्ड दिसले तर सोयरीक मोडेल ही धास्ती. एका वस्तीवर मात्र आमच्या संघटनेच्या बायांनी निराळी रीत पाडली आहे. पाहुणे पोरगी पाहावयास आले की पोरीचे कार्ड पुढे ठेवतात आणि चहा येण्यापूर्वी पोराचे मागतात.